फतूर की फितूर

रवि. १२ ऑक्टो.
हिशामने आज पेशंटच्या डाव्या खांद्याऐवजी उजव्याला शेक दिला. तो, आमच्या डिपार्टमेंटमधला सगळ्यात काटेकोर फिजिओ! सिरियाचा, पंधरा वर्षं रियाधमध्ये. मी चार महिन्यांची नवखी. कामापुरती अरबी त्यानेच शिकवली.
दुपारी आपणहून म्हणाला, "नादिरचा फोन आला. धाकटा भाऊ. दहा वर्षांनी." उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या यात्रेला येतोय, मदिनेत भेटू म्हणतोय. ह्याचं जावं की नाही ठरत नाही.

मंगळ. १४
हि.ने आज सगळं सांगितलं. नादिर बंडखोरांत गेला होता. सीमेपलीकडे गोऱ्या साहेबांची छावणी, तीन आठवडे ट्रेनिंग, मग हत्यारं. आधी तीन प्रश्न विचारले आणि एका कागदावर सही घेतली: हत्यारं दुसऱ्या कुणाला देणार नाही. कागद इंग्रजीत. नादिरला इंग्रजी येत नाही. झाला विश्वासू माणूस.
मला इथे लोकांचे गुडघे वाकवायचे, तर माझी एकेक मार्कशीट तपासायला सात महिने घेतले!
पुढे साहेबांचं धोरण बदललं. साहेब गेले, हत्यारं राहिली. एका सकाळी कोठारातल्या पेट्या कडव्या टोळीच्या हाती लागल्या. राखणीला नादिर होता. आठवड्याने ह्यांच्याच गावावर तोफगोळे पडले. रिकाम्या पेट्यांवरचे नंबर तेच. वडील बेकरीच्या रांगेत होते.

गुरु. १६
नवऱ्याशी, संजयशी वाद. ओलायातल्या ऑफिसच्या एसीत बसून जगाचा निवाडा करतो. मी म्हटलं, दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवायची आणि खांद्याचं काय झालं ते बघायलाही थांबायचं नाही.
"मग काय करायचं होतं? लोक मरताना बघत बसायचं?"
मी भात टाकायला उठले. पण 'काहीतरी केलं पाहिजे' म्हणणारा आणि त्याचं निस्तरणारा कधीच एक नसतो. चिडून भात करपवला.

रवि. १९
आज माझी जीभ कापून टाकावी.
पँट्रीत हि.ने नादिरचा व्हॉइस मेसेज ऐकवला. भरभर बोलत होता, मला एकच शब्द कळला. मी पटकन म्हटलं, "म्हणजे तो कबूल करतोय? फितूर झालो म्हणून?"
"काय कबूल? फतूर म्हणतोय तो. ब्रेकफास्ट. मी फतूरला गेलो होतो, परत आलो तर पेट्या नव्हत्या, असं."
मग मला फितूर म्हणजे काय ते सांगावं लागलं. आमच्याकडे किल्ला पडला की पहिला प्रश्न तोच: दरवाजा कोणी उघडला? हसेल वाटलं. हसला नाही. अपॉइंटमेंट कार्डाच्या मागे त्याने दोन्ही शब्द अरबी लिपीत लिहिले. हुबेहूब एकसारखे. त्यांच्या लिपीत ऱ्हस्व इकार लिहीत नाहीत.
"बघ," म्हणाला, "दहा वर्षं मी हेच वाचतोय." कार्ड खिशात टाकलं.

बुध. २२
हि. जाणार. शुक्रवारी सकाळी भेट. मला विचारलं, "काय विचारू त्याला?"
मी म्हटलं, काही विचारू नकोस, आधी जेव. मग वाटलं, हा काय सल्ला झाला? माझे बाबा असे गेले असते तर मी जेवले असते?
तो म्हणाला, "तो पोरगा होता गं. बावीस वर्षांचा. कोठाराची किल्ली त्याच्याकडे द्यायला त्यांना कुणीच मोठं सापडलं नाही?" डोळे भरले होते. माझेही.

शुक्र. २४
सकाळपासून फोन हातात. संजय म्हणाला, "तुझा भाऊ आहे का तो?" तरी दोनदा त्यानेच विचारलं, काही आलं का.
साडेदहाला आला. फोटो. जमिनीवर अंथरलेल्या प्लास्टिकच्या सुफऱ्यावर दोन ताटल्या, पावट्यासारखी उसळ, खुबूसच्या रोट्या, चहाचे दोन पेले. एक ताटली पुसून खाल्लेली. दुसरीला हातही लावलेला नाही. माणसं फोटोत नाहीत.
खाली अरबीत एकच शब्द. कार्डावर पाहिलेला, म्हणून ओळखला.