चाळीस मीटरवर बोटभर डावीकडे

प्रिय दादा,

'प्रिय' हा शब्द सवयीने लिहिला गेला. खोडायला गेले तर कागद खराब होईल, म्हणून राहू देते.

तुझी लेक मुंगी गेल्या आठवड्यात माझ्या वर्कशॉपवर आली होती. एअर रायफल खोक्यासकट टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "आत्या, ही विकून टाक. माझे हातच खराब आहेत." सोळा वर्षांची पोर, आणि नवऱ्याने टाकलेल्या बाईसारखी बोलत होती. डोळे तपासून झाले, हात थरथर कापू नयेत म्हणून कुठल्याशा गोळ्या सुरू झाल्या, हेही तिनेच सांगितलं. स्पर्धेत जवळची सगळी लक्ष्यं पाडून लांबची सगळी चुकवली, तेव्हा तू सगळ्या टीमसमोर तिला काय म्हणालास, तेही सांगितलं. "तुझे हात कापतात. तुझ्यात ते नाहीच." प्रशिक्षकाने बोलावं असं वाक्य आहे खरं. बापाने बोलावं असं नाही, पण बाप व्हायला तुला वेळ कधी होता?

विकायची तर आधी तपासायला हवी, म्हणून मी ती मागच्या गोदामात नेली. गोदाम लांब आहे, दारं बंद केली की वाऱ्याची झुळूक नाही. रायफल शिकंज्यात आवळली, म्हणजे कापायला कुणाचा हातच नको. दहा मीटरवर पाच छर्रे बरोबर मध्यभागी. पंचवीसवर पाचही नखभर डावीकडे. चाळीसवर बोटभर डावीकडे, पण एकमेकांना चिकटून. छर्रे बदलून पाहिले, दस्त्याचे स्क्रू आवळून पाहिले, नळी पुसून पाहिली. तेच. आता तू पंधरा वर्षं पोरांना शिकवतोस, तुला हे सांगायची लाज वाटते, तरी सांगते. दहावर झिरो केलेल्या, म्हणजे त्या अंतरावर नेम जुळवलेल्या, रायफलचा छर्रा मधल्या अंतरावर वर चढतो आणि पुढे खाली येतो. तो चढ-उतार मुंगीला तोंडपाठ आहे. पण वारा नसताना अंतर वाढेल तसा छर्रा एकाच बाजूला सरकत जात असेल, तर दुर्बीण नळीच्या डोक्यावर सरळ बसलेली नाही. आणि कापणारा हात छर्रे चहूकडे उधळतो, पाचही एका नाण्याखाली झाकले जातील असे मारत नाही. तिची स्पर्धेतली लक्ष्यं तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होतीस. हे पहिल्या महिन्यातल्या पोराला कळतं. तुलाही कळलं होतं.

हे म्हणते, कारण मग मी दुर्बीण उतरवली. तिला रायफलवर धरणारी खालची पकड डावीकडे वाकलेली. कड्यांमध्ये दुर्बीण फिरवून आतली फुली सरळ दिसेल अशी बसवलेली, त्याचे ताजे ओरखडे नळकांड्यावर. दस्त्याच्या कोपऱ्याला पोचा, आणि तो तपकिरी बूटपॉलिशने बुजवलेला. दादा, बूटपॉलिश! निदान लाकडाचा रंग तरी आणायचास.

वहिनीला फोन केला. तिने रडत रडत सगळं सांगितलं. स्पर्धेच्या आदल्या दुपारी पाहुण्यांना एका हाताने रायफल धरून दाखवत होतास म्हणे. हातातून सुटली, फरशीवर आपटली. मुंगी शाळेत होती. वहिनीला तू म्हणालास, करतो नीट, तिला उगाच टेन्शन नको. नीट करणं म्हणजे काय, तर दुर्बिणीचे स्क्रू फिरवून दहा मीटरवर नेम जुळवलास आणि खोकं बंद केलंस. पुढची अंतरं तपासायला अर्धा तास लागला असता. पण त्यासाठी क्लबवर जावं लागलं असतं, आणि तिथे कुणीतरी विचारलं असतं, सर, पडली का?

मला नवल वाटलं नाही, हीच खरी वाईट गोष्ट. आपण दोघं खेळायचो तेव्हाही तुझा नेम चुकला की उजेड वाईट असायचा, छर्रे वाईट असायचे, पंच आंधळा असायचा. तुझ्याइतका निर्दोष माणूस मी पाहिलेला नाही. मी त्या वेळी हसायचे. आईबाबाही हसायचे. चुकलंच आमचं. तुझं चुकलं तर रायफलचा दोष, रायफल तू बिघडवलीस तर पोरीचा दोष. आणि ती गोळ्या गिळतेय, चार महिने झाले, ते तू रोज जेवताना समोर बसून बघतोस. घास उतरतो कसा रे?

नवी पकड बसवली आहे. पंचवीसवर झिरो केली, मग दर पाच मीटरला छर्रा किती वर-खाली जातो ते मारून पाहिलं आणि कार्डावर लिहून दस्त्याला चिकटवलं. चाळीसवर आता मध्यभागी लागतंय. विकणार नाही.

रविवारी सकाळी मी मुंगीला बोलावलं आहे, गिऱ्हाईक येणार अशी थाप मारून. तिच्या हातात रायफल देईन आणि चाळीसवर पाच छर्रे मारायला सांगेन. ती हुशार आहे, लक्ष्याकडे एकदा बघेल आणि विचारेल, आत्या, काय बिघडलं होतं? मी खोटं बोलणार नाही. म्हणून हे पत्र. फोनवर तू मला बोलू दिलं नसतंस. शनिवार रात्रीपर्यंतचा वेळ तुझा आहे. ही तुझ्यावरची दया समजू नकोस, ती केव्हाच संपली. पण बापाने आपल्याला फसवलं हे पोरीला आत्याकडून कळलं, तर तिला बाप उरणार नाही. तू सांगितलंस तर कदाचित उरेल. आणि ती अजून, का कोण जाणे, तुझ्यासारखं नेमबाज व्हायचं होतं म्हणते.

तुझीच, दुसरा भाऊ नाही म्हणून,
धाकटी