न वाचलेली फाइल

सोमवार, ३ तारीख
नवी नोकरी म्हणून नवी वही. इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर माझी थंडगार खोली, त्यात दोन सर्व्हर. वॉर्डातली प्रत्येक नोंद पहिल्यावर होते आणि फाइलींत उतरते. दुसरा, मी त्याला जोडीदार म्हणते, त्या फाइली वाचून स्वतःकडे तसंच करून ठेवतो. पहिला बंद पडला तर हा उभा. वाचून झालेल्या फाइली माझ्या आधीच्या माणसानं कधी पुसल्याच नाहीत. डिस्क अगदी गळ्यापर्यंत आलीय. साहेबांनी एकच नियम सांगितला: जोडीदारानं कुठवर वाचलं ते आधी विचारायचं, तेवढंच पुसायचं. म्हटलं, हे तर भांडी घासण्याइतकं सोपं. शिवाय शुक्रवारी ताईचं पित्ताशयाचं ऑपरेशन इथंच आहे. आईच्या मागे तिनंच मला वाढवलं. आता तिच्याजवळ राहता येईल.

मंगळवार, ४
हजारो फाइली पुसल्या. पण एक गोष्ट टोचतेय. पहिल्यानं आज ४९० पर्यंत लिहिलंय (क्रमांक लांबलचक, मी शेवटचे तीन आकडेच लिहिते) आणि जोडीदाराकडे ५०२ पर्यंत फाइली आहेत. न लिहिलेलं पत्र कधी पोचतं का? साहेबांना विचारलं, तर चष्मा पुसत म्हणाले, असतात कधी चार पुढच्या, त्या उघडायच्या नाहीत. का, ते सांगेनात. खोलीची किल्ली त्यांच्याकडे आणि माझ्याकडेच. पाणी कुठंतरी मुरतंय. नवी म्हणून माझी फिरकी घेत असतील, तर मीही काही दूधखुळी नाही.

बुधवार, ५
उघडली. ५०२ मध्ये आज दुपारी तीन दहाची नोंद: वॉर्ड चारमधले आजोबा, ताप एकशे दोन, गोळी थुंकली. तीनला मुद्दाम जाऊन उभी राहिले. आजोबांनी गोळी थुंकली. नर्सबाईंच्या खांद्यावरून वाचलं. शब्द न् शब्द तोच. साहेब आज आलेच नव्हते. म्हणजे ते लिहीत नाहीत. मग कोण? मला भीती वाटतेय.

गुरुवार, ६
ताई भरती झाली. पलंग नऊ. म्हणते, तुझा चेहरा का उतरलाय, ऑपरेशन माझं आहे की तुझं.
चार वाजता ५१७ आणि ५१८ उघडल्या. ५१७ मध्ये, शुक्रवार, ११:२०, पलंग नऊ, मृत —
पुढचं वाचवलं नाही. दोन्ही पुसून टाकल्या. जोडीदाराला विचारत बसले नाही. साहेबांना तर नाहीच.

शुक्रवार, ७
९:३०. ऑपरेशन झालं. ताई शुद्धीवर. पाणी मागते, माझी वेणी वाकडी म्हणते. जिंकले मी.

१०:५०. खोलीत आले. काल उघडलेल्या दोन्ही फाइली संगणकाच्या पडद्यावर तशाच दिसतायत. ५१८ मध्ये — ११:२३, आधीची नोंद चुकीची, पलंग नऊ नव्हे, एकोणीस. नऊची तब्येत उत्तम —
ती दुरुस्ती होती. मी दुरुस्ती पुसली.

११:०५. जोडीदाराला आत्ता विचारलं. ५१७ त्यानं काल मी पुसण्याआधीच वाचलेली. ५१८ नाही. फाइल सापडत नाही म्हणतो. ५१७ वरच थांबलाय; त्याच्या लेखी मृत अजून नऊच.

११:१४. पडद्यावरचं नकलून दिलं. घेत नाही. साहेबांना बोलावून सगळं सांगितलं, ते डोकं धरून बसलेत —

११:२०. नोंद आली. नऊ.

११:२३. दुरुस्ती नाही. वॉर्डात फोन केला. म्हटलं, चूक झालीय तुमची, एकोणीस बघा. नर्सबाई म्हणतात, एकोणीस नंबर उठून चहा पितोय. नऊची नाडी त्यांनी दोनदा —