उन्हाळ्यातला टिल्ट

सेंट जॉन्स,
५ ऑक्टोबर १९५८

ति. हेडलीमामांस डल्सीचा सा. न. वि. वि.

येत्या शनिवारी संध्याकाळी मी चक्क रेडिओवर बोलणार आहे! आमचे कॉलेजातले सर न्यूफाउंडलंडच्या बोलीतले शब्द गोळा करतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. माझ्या वाट्याला ‘टिल्ट’ आलाय. हसू नका. तिकडे इंग्लंडात टिल्ट म्हणजे कलणं, घोडेस्वारांची भाल्यांची झुंज, शिवाय गाडीवरचं कापडी छत. कलण्याचं मूळ ‘डळमळीत’ अशा अर्थाच्या जुन्या शब्दात, छताचं तंबूत. नाव एक, घराणी दोन! आणि आपल्याकडे मात्र हिवाळ्यात लाकूडतोडीला जंगलात गेल्यावर राहायची ओंडक्यांची झोपडी. सुट्टीत आजीनं या झोपडीबद्दल फार मोलाची गोष्ट सांगितली, तीच शेवटी सांगणार आहे. आजीला गावच्या दुकानात रेडिओच्या अगदी पुढ्यात बसवा.

लोभ आहेच, तो वाढू द्या.
तुमची डल्सी

रॅटल कोव्ह,
१३ ऑक्टोबर

चि. डल्सीस अनेक आशीर्वाद.

प्रोफेसरीणबाई, आवाज छान लागला होता. आई चर्चची टोपी घालून पुढ्यात बसली होती. मग तू म्हणालीस, माझी आजी सेलिना दोन वर्षं भर उन्हाळ्यातही टिल्टमध्येच राहिली. दुकानात कुणी कुणाकडे बघेना.

पोरी, हिवाळ्यात टिल्टमध्ये सगळेच राहतात. उन्हाळ्यातही तिथेच राहतो तो, ज्याला किनाऱ्यावर घर नाही. या गावात आल्यापासून पन्नास वर्षं तिनं हे कुणाला कळू दिलं नव्हतं. माझा जन्म तिथला, हे मलाही रेडिओवरूनच कळलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या एफीनं मासळीचं भांडं दारात आणून ठेवलं. गोरगरिबांच्या दारात ठेवतात तसं. आईनं ते तसंच परत पाठवलं. रविवार असूनही चर्चला गेली नाही.

रागावलो नाही, पण लिहिल्यावाचून राहवेना.
तुझा हेडलीमामा

सेंट जॉन्स,
२० ऑक्टोबर

ति. मामांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मेल्याहून मेल्यासारखं झालं. चुलीपाशी बसून आजी मला मन मोकळं करून सांगत होती आणि मी मनातल्या मनात टिपून घेत होते. शब्दाचा नवा अर्थ सापडला, या आनंदात मला समोरची आजी दिसलीच नाही.

सरांच्या संग्रहातून ते वाक्य मी काढून टाकलं. ते म्हणाले, इतका चांगला पुरावा कुणी फेकतं का? म्हणोत. पण बोललेलं कसं पुसू? नाताळला येऊ का, एवढं तिला विचारा. माझी तर तोंड दाखवायची हिंमत नाही.

लोभ ठेवा असं म्हणायचीही लाज वाटते.
डल्सी

रॅटल कोव्ह,
३ नोव्हेंबर

चि. डल्सीस अनेक आशीर्वाद.

आई म्हणते, ये. तुझ्यासाठी गोधडी उन्हात टाकलीय. तुझ्यावर राग नाही, असंही दोनदा म्हणाली.

पण एक सांगून ठेवतो, म्हणजे आल्यावर दचकणार नाहीस. काल पावाचं पीठ मळताना तिनं मला काहीतरी आणून दे म्हणून सांगायला तोंड उघडलं आणि मध्येच थांबली. आपल्या बोलीतला रोजचा शब्द गिळून टाकला. मग हळूच मला विचारलं, की शहरात याला काय म्हणतात.

आमचा लोभ आहे तसाच आहे.
हेडलीमामा