ट्रान्समीटर काचेच्या कपाटात ठेवू नये

मी, गजानन विनायक टेंबे, वय चौसष्ट, होळकर दरबारच्या वीजखात्यातून निवृत्त, राहणार मल्हारगंज, इंदूर, माझ्या मिळकतीची आणि सामानाची व्यवस्था लिहून ठेवीत आहे. माझे हृदय अधूनमधून दगा देते, डोके देत नाही. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत आहे. कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. दबाव टाकून पाहणाऱ्यांची नावे खाली येतीलच.

१. राहते घर स्वकष्टार्जित आहे. ते पत्नी सौ. सुलोचना हिच्याकडे तिच्या हयातीपर्यंत राहावे, नंतर चि. बाळकृष्णाकडे जावे. गच्चीवरची एरियलची तार सुलोचना असेपर्यंत उतरवू नये. ही तार घरावर वीज ओढून आणील, असे बाळकृष्ण गल्लीभर सांगत फिरतो. वीज जमिनीत उतरवणारे अर्थिंग मी त्याला स्वतः दाखवले आहे. "हो बाबा, समझ गया," म्हणतो आणि पुन्हा तेच.

२. बँकेतील शिल्लक कन्या सौ. पद्मजा हिला. यात वाद नाही, म्हणून विस्तारही नाही.

३. मी स्वतः बांधलेला ट्रान्समीटर, लढाईनंतर महूच्या लष्करी लिलावात घेतलेला रिसीव्हर, मोर्सचे संदेश ठोकायची की आणि सर्व हत्यारे. ही आमच्या हौशी रेडिओ मंडळाला द्यावीत, असा अध्यक्ष अप्पासाहेब राजवाडे यांचा आग्रह आहे. बाळकृष्णाने त्यांना परस्पर होकारही दिला. मंडळ ती काचेच्या कपाटात मांडणार आहे. माझी याला साफ नामंजुरी आहे.

कारण लिहितो. परवान्याची परीक्षा पास झालेली मंडळी प्रत्यक्ष सेटसमोर बसली की घाबरतात. त्यांच्यासाठी मी रविवारी सकाळी घरी वर्ग घेत असे. लोक येत, चहा घेत, व्हॉल्व्हच्या किमतींवर बोलत. की पुढे केली की "आज राहू द्या, गजाननजी" म्हणत. न लाजता हात घातला तो एकट्या श्रीमती अरुंधती नेने यांनी. शाळेत गणित शिकवतात. चुकत, हसत आणि पुन्हा ठोकत.

गेल्या वर्षी मंडळाने पाहुणे बोलावून प्रात्यक्षिक ठेवले. महूहून माझे मित्र चिंतामण केळकर त्यांच्या सेटवरून उत्तर देणार होते. त्यांना लगेच ड्यूटीवर जायचे होते, म्हणून वेळ पक्की ठरली होती. ती सगळी वेळ अप्पासाहेबांच्या भाषणात गेली. मी दोनदा त्यांचा कोट ओढला. मग अरुंधतीबाई कीवर बसल्या, हाका दिल्या, उत्तर नाही. अप्पासाहेब पाहुण्यांकडे वळून हसले, "बाईजी का हाथ अभी कच्चा है."

मी तिथल्या तिथे म्हटले, "हात पक्का आहे, भाषण लांबलं." तोवर पेढे फिरू लागले होते. दुसऱ्या दिवशी चिंतामण स्वतः घरी आले. "अरे भिया, मी ताटकळून सेट बंद केला नि निघालो!" हे मी दर बैठकीत सांगितले. दर बैठकीत विषय पुढच्या बैठकीवर गेला. अरुंधतीबाई त्या दिवसापासून मंडळात आल्या नाहीत. मी बोलवायला गेलो तेव्हा म्हणाल्या, "सर, शिकायला येईन. पण तिथे हसं करून घ्यायला नाही येणार."

सबब कलम तीनमधील सर्व वस्तू, सरकारी परवानगीच्या अधीन, श्रीमती अरुंधती नेने यांना द्याव्यात. त्यांनी त्या वापराव्यात, मोडल्या तर दुरुस्त कराव्यात. पुढची खोली रविवारी सकाळी त्यांच्या वर्गासाठी उघडी राहील. सुलोचनेने तसे कबूल केले आहे. तिथे भाडेकरू ठेवू नये.

४. दुसरे साक्षीदार म्हणून मी अप्पासाहेबांनाच मुद्दाम बोलावले आहे. मजकूर ठाऊक नव्हता, असे मंडळाला उद्या म्हणता येऊ नये.

वरील सर्व मी स्वतः लिहिले, वाचले आणि दोघांसमक्ष सही केली.

गजानन विनायक टेंबे
इंदूर, मध्यभारत
दि. ९ फेब्रुवारी १९५५

साक्षीदार :
१. डॉ. दिनानाथ मुळ्ये
२. अप्पासाहेब राजवाडे. मजकूर पूर्ण वाचला. बाईंचा हात चांगला होता, हे मला त्याच दिवशी ठाऊक होते. त्यांना तसे सांगायला उद्या मी स्वतः जातो.