फळीपलीकडून ऐकलेली क्रियापदं

बाई, तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली, तरी आज मला तुमच्याशी भांडायचं आहे. मी सध्या इटालियन शिकते. चव्वेचाळिसाव्या वर्षी, हो. वॉर्डातली ड्युटी संपवून घरी येते, गॅसवर भात ठेवते आणि ओट्यावर मोबाईल टेकवून क्लासला बसते. तिकडच्या एका इस्पितळात नर्सची नोकरी मिळायची आहे आणि त्यासाठी सोमवारी तोंडी परीक्षा आहे. क्लासातली पोरं वीस-बावीसची, पण क्रियापदांची रूपं आली की त्यांची गाडी अडते. माझी अडत नाही. पार्लो, पार्ली, पार्ला, पार्लियामो, पार्लाते, पार्लानो. मी बोलते, तू बोलतोस, तो बोलतो, सगळं एका दमात. एकाचा साचा बसला की त्याच गटातली बाकीची आपोआप येतात. शिकवणारी मुलगी थक्क झाली. "मावशी, शाळेत संस्कृत होतं ना तुम्हाला?" मी म्हटलं, "नव्हतं. दिलं नाही."

आठवीची यादी तुम्हीच वाचलीत. मार्कांत माझ्या पुढे वर्गात दोघीच होत्या. तरी माझ्या नावापाशी थांबलात, चष्म्यावरून पाहिलंत आणि म्हणालात, "तुला कशाला गो संस्कृत? बंदरावर मासे विकायला देववाणी लागत नाही." वर्ग खो खो हसला. मला हिंदीत टाकलंत, शेजारच्या खोलीत. मधे नुसती फळ्यांची भिंत, आणि तुमचा आवाज असा खणखणीत की फळ्या त्याला काय अडवणार! हिंदीची वही समोर उघडी आहे आणि मी पलीकडचं पाठ करते आहे: पठामि, पठसि, पठति. संध्याकाळी आई विळीवर बांगडे साफ करायला बसली की तिच्यासमोर तेच म्हणून दाखवायचे. तिला अक्षरओळखसुद्धा नव्हती. "म्हण गो म्हण, बरा वाटतंय कानाला," म्हणायची. तुम्ही जे नाकारलंत ते मी घेतलं, बाई. तुम्हाला न विचारता घेतलं, आणि त्याबद्दल माफी मागणार नाही.

आमच्या इटालियनच्या पुस्तकात दुसऱ्या गटाचा नमुना म्हणून कुठलं क्रियापद दिलंय, सांगू? विकणे. वेंदो, वेंदी, वेंदे. ते पान उघडलं आणि मी स्वयंपाकघरात एकटीच मोठ्याने हसले. परीक्षेत घरच्यांबद्दल विचारतात. माझं वाक्य तयार आहे: मिया माद्रे वेंदेवा इल पेशे. माझी आई मासे विकायची. परीक्षकाच्या डोळ्यांत बघून म्हणणार आहे.

हा कागद कुठे जायचा नाही, वहीतच राहील, म्हणून एक सांगून टाकते. शेवटच्या आजारात तुम्ही माझ्याच वॉर्डात होतात. तुमचं अंग मी पुसत होते, वेणी मी घालत होते, पण तुम्ही ओळखलं नाहीत. एका सकाळी माझं मनगट धरून म्हणालात, "हात हलका आहे गो तुझा. कुणाची तू?" तेव्हाच सांगायला हवं होतं. आई तेव्हा होती, त्या वेळी बाजारात टोपली मांडून बसलेली असणार. मी म्हटलं, "चिपळूणची. वडील मास्तर आहेत."

"तरीच," तुम्ही म्हणालात. आणि बाई, ते ऐकून मला बरं वाटलं.