उशिराचं कारण

प्रिय चिमणे,

जाड पाकीट आणि त्यावर माझं अक्षर बघून तू ते आधी उलटं करून ठेवलं असशील. माझ्याकडून आलेल्या जाड पाकिटांनी तुझं कधी भलं केलेलं नाही, ते मला ठाऊक आहे. आतले छापील कागद सध्या बाजूला ठेव. आधी हे वाच, सावकाश वाच, आणि मधूनच शेवटाकडे उडी मारू नकोस. धड्याचं शेवटचं पान आधी वाचायची तुझी शाळेतली खोड मी विसरलेले नाही. बघ, सुरुवातच दटावण्यापासून झाली. तू मला मास्तरीण म्हणायचीस ते काही उगीच नव्हे.

मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण तो त्यांचा हक्कच आहे. ऑफिस तेच, जिन्यालगतची खोली, दार ढकललं की कपाटाला आपटणारं. टाइप करणारी बाई सोडून गेली, तिच्या जागी कुणाला घेतलं नाही. लोक माझ्याकडे येतात ते करखात्याची नोटीस आल्यावर, घाबऱ्या चेहऱ्याने. काम झालं की जिना उतरताना मागे वळून बघत नाहीत. त्यात त्यांचं काय चुकलं म्हणा, दवाखान्यात गप्पा मारायला कोण थांबतं? रविवारचं सांगू नये, पण सांगते. मागच्या महिन्यात एका सोमवारी दूधवाल्याशी बोलायला गेले तर घसा खरखरला, शब्दच फुटेना. मग लक्षात आलं, शनिवार संध्याकाळपासून मी तोंडच उघडलेलं नव्हतं.

तुझ्या दुकानाच्या जागी आता चष्म्यांचं दुकान आहे. मी तिथूनच चष्मा केला, खरं तर जुन्याला काही झालं नव्हतं. तो माणूस मला भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगत होता आणि मी बघत होते, तू पडद्यांचे दांडे जिथे टांगायचीस तिथली भोकं त्याने नीट बुजवली आहेत का. नाही बुजवलेली. शुक्रवारी ऑफिस लवकर बंद करून मी तुझ्याकडे यायचे, कापडाच्या गठ्ठ्यावर बसायचे, आणि तू कात्री चालवत तासभर बोलायचीस. कुणाच्या सुनेने कोणत्या रंगाचे पडदे नाकारले इथपासून सुरू व्हायचीस ते कुठल्या कुठे पोचायचीस. मी म्हणायचे, बाई गं, जरा श्वास घे. तेव्हा वाटायचं, मी तुझं ऐकून तुझ्यावर उपकार करते आहे. आता कळतं, आठवडाभराचं माझं अन्नपाणी ते होतं.

तुझ्या लेकीचा मध्ये फोन आला होता. म्हणाली, मावशी, आई हल्ली फारसं बोलतच नाही, विचारलं तेवढ्याचं उत्तर देते. तिला वाटतं वय झालं, गाव बदललं, त्यामुळे असेल. मी नुसतं हं हं केलं. विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायचं हे तुला कुणी शिकवलं, ते तिला सांगायची माझी छाती झाली नाही.

आता बातमी. तुझी मास्तरीण या वयात पुन्हा विद्यार्थिनी झाली आहे. आम्हा करप्रतिनिधींसाठी नवा नियम निघाला की परवाना नवा काढायचा किंवा पुढे चालू ठेवायचा असेल तर दहा शनिवारांचं प्रशिक्षण घ्यायचं. तपासणीत करदात्याची बाजू कशी मांडायची, दंड लागला तर अपील कसं करायचं. अठ्ठावीस वर्षं हेच करत आलेल्या बाईला हे शिकवणार! पहिल्या दिवशी मी नाक मुरडतच गेले. एका इमारतीचा दुसरा मजला, लांबलचक टेबल, निम्म्या खुर्च्या डुगडुगणाऱ्या. शिकवायला एक निवृत्त तपासणी अधिकारी. तीस वर्षं टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसून लोकांना घाम फोडणारा माणूस. आम्ही त्यांना साहेब म्हणतो. हसत नाहीत, पण चहा स्वतः ओतून देतात, आणि तुला म्हणून सांगते, मी शनिवारची वाट त्या चहासाठी बघायला लागले. कुणीतरी विचारतं ना, साखर किती.

माझ्या शेजारी एक काका बसतात. सगळी नोकरी पोस्टात काढली, आता निवृत्तीनंतर परवाना काढायचा म्हणतात. घरी बसलो तर बायको भाजी निवडायला लावते, हे त्यांनी दिलेलं कारण. कायद्याचं पुस्तक ते बोट ठेवून वाचतात, पण एकदा वाचलेलं विसरत नाहीत. साहेबांचा पहिला धडा माझ्याच तोंडचा होता: करदात्याला बोलू देऊ नका. विचारलं तेवढ्यालाच उत्तर, वर एक शब्द नाही. सगळ्यांनी लिहून घेतलं. काकांनी मात्र हात वर करून विचारलं, की माणूस खरं बोलत असेल तरीसुद्धा? साहेब म्हणाले, त्याचं उत्तर नवव्या शनिवारी.

तुझी तपासणी आठवते मला, रोज आठवते. वरच्या मजल्याचा पाण्याचा पाइप फुटला आणि तुझ्या मागच्या खोलीतली तीन महिन्यांची पावतीपुस्तकं भिजून लगदा झाली. तेवढंच सांगायचं असं मी तुला चार वेळा बजावलं होतं. आणि तू? अधिकाऱ्याने पुस्तकं कुठे आहेत एवढंच विचारलं, तर तू पाइपापासून सुरुवात केलीस. पानं वाळवायला दोरीवर कशी घातली, ती वाळेनात म्हणून इस्त्री कशी फिरवली, इस्त्री जास्त तापली आणि निम्मी पानं कशी करपली, करपल्याचा वास आठ दिवस कापडाला कसा येत होता, सगळं. वर त्याच्या खिडकीकडे बघून म्हणालीस, साहेब, हे पडदे कोणी शिवले, चार बोटं तोकडे आहेत. मी टेबलाखालून तुझा पाय दाबला तर तू मलाच विचारलंस, काय गं, काय झालं? त्याने सगळा जबाब उतरवून घेतला, चार पानं. आणि हुकुमात लिहिलं की करदात्याने नोंदी स्वतः जाळल्याची कबुली दिली आहे. दंड असा लावला की तुझं कंबरडंच मोडलं.

मग आपण अपील केलं. म्हणजे मी केलं. आणि ते फेटाळलं गेलं तेव्हा मी तुला काय म्हटलं होतं ते तुला आठवत असणारच. मी म्हटलं, तुझा जबाबच आड आला, मी तरी काय करणार. तू माझ्यावर रागावली असतीस तर बरं झालं असतं. तू नुसती मान हलवलीस. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा म्हणालीस, माझ्या तोंडानेच माझा घात केला. आणि मी, तुझी बालमैत्रीण, बाजूला उभी राहून शिलाई मशीन नीट बांधलंय का ते बघत होते.

नवव्या शनिवारी लुटुपुटीची सुनावणी होती. आधीपासून काम करणाऱ्यांनी आपली एक जुनी केस आणायची, नावंगावं खोडून. काही जण करदात्याच्या बाजूने लढणार, काही सरकारच्या, निकाल साहेब देणार. मी तुझी केस नेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं तू म्हणशील. पण मी ती का नेली ते खरं सांगते. मला वाटलं, हे लोकही हरतील. सगळ्यांच्या देखत हरतील, आणि मग मला म्हणता येईल की बघा, ही केस जिंकण्यासारखी नव्हतीच. पाच वर्षं मला तेवढंच हवं होतं.

पण तिथला नियम असा निघाला, की ज्याने केस आणली त्यानेच करदाता व्हायचं. म्हणजे मी तू झाले. काका माझे वकील. मला तुझा जबाब उभं राहून वाचायला लागला, चारही पानं. पहिलं पान मी सुनावणीत वाचतात तसं वाचलं. दुसऱ्यावर दोरीवरची पानं आली आणि माझा आवाज बदलला, मला कळत होतं पण थांबवता येईना. लोक हसायला लागले, चांगलं हसणं. इस्त्रीपाशी एक जण म्हणाला, अरे देवा. पडद्यांपाशी तर साहेबसुद्धा खिडकीकडे बघायला लागले. चिमणे, पाच वर्षांनी त्या खोलीत तू बोलत होतीस आणि ते माझ्या तोंडून बाहेर पडत होतं. मला खाली बसावं लागलं.

काका उठले. त्यांनी कायद्याचं कलम वगैरे आधी काढलंच नाही. म्हणाले, चाळीस वर्षं मी दारोदार टपाल वाटलं, लपवणारी माणसं मला माहीत आहेत. ती दार किलकिलं उघडतात आणि सही करून लावून घेतात. ही बाई तर घरात बोलावून सगळ्या खोल्या दाखवते आहे. जिला वह्या जाळायच्या होत्या ती आधी दोरीवर वाळत कशाला घालेल? नोंदी वाचवण्यासाठी जमेल तेवढं केलं हेच दंड माफ व्हायला लागणारं वाजवी कारण, आणि त्याचा पुरावा म्हणजे हा जबाब. साहेबांनी दंड रद्द करायला अकरा मिनिटं घेतली. वर म्हणाले, की माणूस खरं बोलत असेल तेव्हा त्याला अडवू नये, प्रतिनिधीला फक्त ते ऐकता आलं पाहिजे. मग माझ्याकडे वळून विचारलं, खऱ्या अपिलात काय झालं? मी म्हटलं, फेटाळलं. कोणत्या मुद्द्यावर? मी म्हटलं, आठवत नाही. खाई त्याला खवखवे, माझे कान तापले होते. सुटल्यावर जिन्यात काकांनी फाइल परत दिली. त्यांचा अंगठा हुकुमाच्या वरच्या कोपऱ्यावर होता, टपाल मिळाल्याच्या शिक्क्यावर. नावं खोडली होती मी, हा शिक्का आणि अपिलावरची तारीख राहून गेली होती. शिक्के वाचण्यात त्यांचा जन्म गेला आहे. एवढंच म्हणाले, ताई, घरी नीट जा.

तर आता ऐक, तेवढ्यासाठीच हे पत्र. तुझं अपील कुणी वाचलंच नाही. हुकूम माझ्या ऑफिसात आला त्या आठवड्यात मला एक मोठं गिऱ्हाईक मिळालं होतं, त्याच्या मागेपुढे करण्यात मी तुझं पाकीट आठ दिवस उघडलं नाही. मुदत तीस दिवसांची. मी दिवस मोजले ते पाकीट उघडल्यापासून, मिळाल्यापासून नव्हे, आणि अडतिसाव्या दिवशी अपील दाखल केलं. नवशिक्याने केलं असतं तर मी त्याला दारात उभं केलं नसतं. ते उशिराच्या कारणावरून परत आलं, आणि मी तुला सांगितलं की तुझ्या बोलण्यामुळे आलं. चूक प्रतिनिधीची असेल आणि त्याने तसं शपथेवर लिहून दिलं, तर अपील परत आल्यापासून पाच वर्षांपर्यंत उशीर माफ होऊ शकतो. हे मला त्या वर्गात कळलं असं लिहिलं तर ते आणखी एक खोटं होईल. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. परवाना जाईल म्हणून मी गप्प बसले, आणि तुझं दुकान गेलं. ती पाच वर्षं पुढच्या महिन्याच्या एकवीस तारखेला पुरी होतात. सोबत माझं प्रतिज्ञापत्र आहे, सही-शिक्क्यासह. दुसरा कागद तुझा अर्ज, त्यात उशिराच्या कारणासमोर मी लिहिलं आहे: माझी प्रतिनिधी चुकली आणि माझ्याशी खोटं बोलली. काकांचा परवाना या आठवड्यात आला, त्यांचा पत्ता मागे आहे, ते तुझी वाट बघत आहेत. त्यांना सगळं सांग, मध्ये कुठे थांबू नकोस. मला उत्तर लिहिलं नाहीस तरी चालेल, मी ते मागण्याच्या लायकीची नाही. पण अर्जावर तुझी सही लागते, चिमणे, माझ्याविरुद्ध. ती करताना माझा विचार मनात आणू नकोस.

तुझीच, तू अजून म्हणू देत असशील तर,
मास्तरीण