दगडातून उतरलेलं ऊन

यझ्द, १२ आबान

चि. कियानूश यास गोलनारचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इथे सगळे खुशाल, आगाजान सोडून. मोतीबिंदू पिकलाय, ऑपरेशन हवंच, असं डॉक्टर म्हणतात. आपले वडील काही तयार होत नाहीत, आणि त्याला कारण तू. नवरोजला आलास तेव्हा त्यांना शेजारी बसवून तुझं व्याख्यान वाचून दाखवलंस ना, की जे जे आहे ते प्रकाशच आहे आणि आत्मा स्वतःच्याच उजेडात स्वतःला पाहतो? तेच आता ते डॉक्टरांना ऐकवतात. आत दिवा लागलेला असताना खिडक्या कशाला पुसायच्या, म्हणतात. काल चहाबरोबर साखरेचा खडा समजून तुरटी दातांत धरली. मग मात्र आतल्या उजेडाविषयी बोलायला तोंड उघडेना.

पण परवा गल्लीत मोटरसायकल त्यांच्या अंगावर येता येता राहिली. भूत तू बसवलंस, तूच उतरव. जीव लाव, आणि पत्राला उशीर लावू नकोस.

तुझी थोरली बहीण,
गोलनार

तब्रीझ, २० आबान

ती. गोलनार आबजीस कियानूशचा सा. न. वि. वि. मी आगाजानना लांबलचक पत्र लिहिलं, की वरचा प्रकाश खालच्याला उजळत येतो, डोळा ही त्यातलीच एक पायरी, तिला तुच्छ लेखू नये. त्यांनी ते शेजारणीकडून वाचून घेतलं आणि फोनवर कळवलं, की सिद्धता अपुरी आहे, पुन्हा लिहून पाठव. जन्मभर भूमिती शिकवलेल्या मास्तरांशी कोण वाद घालणार?

खरं सांगू? ते घाबरलेत. आई ऑपरेशनच्या टेबलावर गेली, हे आपण कुणीच बोलत नाही. तेही बोलत नाहीत, म्हणून माझी वाक्यं उसनी घेतात. तू दुरुस्ती करते आहेस त्या मशिदीच्या तळघरात त्यांना ने. छतातल्या संगमरवरी पाट्यांवरचं जुनं सिमेंट काढते आहेस ना? माझं ऐकत नाहीत, दगडाचं ऐकतील. राग धरलास तरी लोभ सोडू नकोस.

तुझा,
कियानूश

यझ्द, ९ आजर

चि. कियानूश यास अनेक आशीर्वाद. वि. वि. नेलं त्यांना. दुपारची अजान व्हायची होती. सगळ्या पाट्या मोकळ्या झाल्या होत्या. वरच्या अंगणातलं ऊन त्या पातळ दगडांतून झिरपून खाली येत होतं, अख्खं तळघर दुधाळ झालं होतं. गवंडीसुद्धा हातातलं काम टाकून वर बघत होते. आगाजान मधोमध उभे राहिले, मान वर केली, आणि जरा वेळाने हळूच मला विचारलं, की पाट्या कधी उघडणार आहात.

सगळ्या उघडल्यात, मी म्हटलं. तेव्हा त्यांना कळलं. दगडाला जमतं ते मला जमेना, एवढंच म्हणाले. मग खांबाला टेकून बसले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा आईबद्दल बोलले. तिला शेवटचं नीट पाहायचं राहून गेलं, म्हणाले. संध्याकाळी डॉक्टरांना फोन त्यांनीच लावला.

ऑपरेशन छान झालं. मंगळवारी पट्टी सुटली. मला वाटलं, आधी मशिदीत ने म्हणतील. ते कितीतरी वेळ माझ्याकडेच बघत राहिले. मग विचारलं, की गोलनार, तुझे केस कधी पिकले गं, मला कुणी सांगितलं कसं नाही.

तुझ्या टकलाबद्दल मी अजून अवाक्षर काढलेलं नाही. ते त्यांचं त्यांना पाहू दे. माया आहे तशीच ठेव, आणि रजा काढून ये.

तुझी,
गोलनार